बंदुकीचा परवाना कॉलेजच्या गेटपर्यंतच

सकाळच्या हार्बर गाड्यांना कॉटन ग्रीन स्टेशनात कॉलेजच्या मुलांची गर्दी असते. कोणी वडाळ्याला उतरून माटुंग्याकडे जातो, कोणी सीएसएमटीला उतरून फोर्टातले कॉलेज गाठतो, कोणी बस धरून परळ-दादरला जातो. याच वस्तीत परवान्याचे हत्यार बाळगणारेही लोक आहेत. सैन्यातून निवृत्त होऊन सिक्युरिटीत लागलेले जवान आहेत, रोकड नेणाऱ्या गाडीवरचे गनमॅन आहेत, जिवाला धोका म्हणून पिस्तूल घेतलेले व्यापारी आहेत. काही घरांत आजोबांनी गावाकडच्या शेतीसाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक अजून कपाटात आहे.

अशा घरांत एक प्रश्न कधी ना कधी निघतो. रीतसर परवाना आहे, मग मुलीच्या फीसाठी कॉलेजात जाताना, मुलाच्या गॅदरिंगला जाताना हत्यार कमरेला असले तर बिघडले कुठे?

बिघडते. आपल्या देशात शस्त्राचा परवाना कॉलेजच्या गेटपाशी संपतो. ही गोष्ट परवान्यावरच लिहिलेली असते, पण अटींचे ते पान फारसे कोणी वाचत नाही. म्हणून हा लेख परवानाधारकांसाठी आहे, कॉलेजच्या मुलामुलींसाठी आहे, त्यांच्या आईवडिलांसाठी आहे, आणि ज्यांची मुले शिकायला अमेरिकेला गेली आहेत किंवा निघाली आहेत त्यांच्यासाठीही आहे. तिकडचा कायदा वेगळा आहे, आणि तो माहीत नसेल तर फटका मोठा बसतो.

परवान्यावरची अट काय म्हणते

आपल्याकडे बंदुकीचा सगळा कारभार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांवर चालतो. अधिनियमाचे कलम ३ सांगते की परवान्याशिवाय कोणालाही बंदूक किंवा काडतूस घेता, ठेवता किंवा जवळ बाळगता येणार नाही. मुंबईत हा परवाना पोलीस आयुक्त देतात. गावाकडे जे काम जिल्हादंडाधिकारी करतात, ते आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे असते.

परवाना मिळाला की त्यावर तुमचे नाव, पत्ता, हत्याराचा प्रकार, क्रमांक, काडतुसांची मर्यादा असे तपशील येतात. त्यांच्यासोबत अटी असतात. त्यातली एक अट अशी की जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे मुंबईत पोलीस आयुक्तांची, खास परवानगी असल्याशिवाय हे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, लोकांच्या जमावात किंवा कोणत्याही शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेता येणार नाही.

या अटीतला ‘कोणत्याही’ हा शब्द लक्षात ठेवा. सरकारी कॉलेज, अनुदानित कॉलेज, विनाअनुदानित कॉलेज, महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठाचे संकुल, शाळा या सगळ्यांना ती सारखीच लागू आहे. परळच्या केईएम रुग्णालयाला लागून सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आहे. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात १८४५ साली सुरू झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पेशंटला भेटायला जाणारा माणूस एका शैक्षणिक संस्थेच्या आवारातही शिरत असतो. म्हणून या भागातल्या परवानाधारकांनी रुग्णालयात जातानाही हत्यार घरीच ठेवावे.

आणखी एक गोष्ट. आवार म्हणजे फक्त वर्ग नव्हेत. मैदान, पार्किंग, कॅन्टीन, हॉस्टेल, सभागृह हे सगळे आवारच. ‘मी गाडीतून उतरलोच नाही, पिस्तूल डॅशबोर्डमध्ये होते’ असे सांगून सुटका होईल या भरवशावर राहू नका. गाडी गेटच्या आत आली म्हणजे हत्यारही आत आले.

आवाराबाहेरही मोकळीक नाही

कॉलेजच्या बाहेर, रस्त्यावर किंवा लोकलमध्येही हत्यार कसे न्यावे याचे नियम आहेत. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर योग्य होल्स्टरमध्ये असले पाहिजे, बंदूक आवरणात झाकलेली असली पाहिजे, आणि ती नेणाऱ्याचा तिच्यावर पूर्ण ताबा असला पाहिजे. हत्यार परजून दाखवणे किंवा हवेत गोळी झाडणे यावर स्पष्ट बंदी आहे. असे केल्यास परवाना रद्द होऊन हत्यार जप्त होऊ शकते.

डिसेंबर २०१९ मध्ये या अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. एका व्यक्तीला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत होत्या, आता दोनच ठेवता येतात. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. आणि लग्नात, मिरवणुकीत, आनंदाच्या भरात बेफिकीर गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा वेगळा गुन्हा ठरला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

शिक्षा किती

परवाना आहे, पण अट मोडली, तर कलम ३० लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा लहान वाटतो म्हणून कोणी ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ ने दिलेला आहे आणि अट मोडणे हे त्याचे सरळ कारण ठरते. ज्याची नोकरीच बंदुकीवर चालते त्या गार्डचा परवाना गेला की घरची चूल बंद होते.

परवानाच नाही आणि बंदूक किंवा गावठी कट्टा सापडला, तर २०१९ नंतर किमान दोन वर्षे आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बेकायदा हत्यार वापरले तर कलम २७ खाली किमान तीन आणि सात वर्षांपर्यंत. बेकायदा हत्यार बनवणे किंवा विकणे यासाठी किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. ‘मित्राने ठेवायला दिला होता’ हे उत्तर पोरांच्या तोंडी सहज येते. पण बॅगेत काय आहे हे माहीत असून ती सांभाळणे म्हणजेच कायद्याच्या नजरेत हत्यार जवळ बाळगणे.

मुंबईकरांना या कायद्याची ओळख ज्या खटल्याने झाली तो अभिनेता संजय दत्त यांचा. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात त्यांना शिक्षा झाली ती शस्त्र अधिनियमाखाली, बेकायदा हत्यार जवळ बाळगल्याबद्दल. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून ती शिक्षा पाच वर्षांवर आणली. नाव, पैसा, ओळखी यांपैकी काहीही तिथे कामाला आले नाही.

अकरावी-बारावीची मुले बहुतेक अठराच्या आतली असतात. त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. पण ज्या मोठ्या माणसाने मुलाच्या हाती हत्यार दिले, किंवा ‘फक्त पोचवून ये’ म्हणून त्याला पाठवले, त्याच्यासाठी बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ८३ आहे. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होतो. नाक्यावरच्या कोणा ‘भाई’ने मुलाला असे काम सांगितल्याचे कळले, तर आईवडिलांनी घाबरून गप्प बसू नये. इथे कायदा मुलाच्या बाजूने उभा राहतो, पण त्यासाठी तुम्ही वेळेत पोलिसांत गेले पाहिजे.

कोणाला सूट आहे

ड्युटीवरचे पोलीस आणि सैनिक यांना कलम ४५ ने सूट दिली आहे. एनसीसीचे कॅडेट त्यांच्या प्रशिक्षणात रायफल हाताळतात, त्यांनाही हीच सूट आहे. पण ती कॅडेट म्हणून काम करताना, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. परेड संपली की रायफल परत जाते. कॅडेटने ती वर्गात न्यायची नसते, तिच्यासोबत रील काढायची नसते.

मंत्र्यांसोबत सरकारी सुरक्षा म्हणून आलेला पोलीस आणि पाहुण्याने स्वतः ठेवलेला खासगी गनमॅन यांत मोठा फरक आहे. कॉलेजच्या वार्षिक समारंभाचे चित्र पाहा. प्रमुख पाहुण्यांची गाडी गेटवर येते, मागच्या गाडीतून सफारी घातलेले दोघे उतरतात, एकाच्या खांद्याला बंदूक आहे. गेटवरचा वॉचमन गोंधळतो. प्राचार्य पुष्पगुच्छ घेऊन पायरीवर उभे आहेत, अशा वेळी पाहुण्यांच्या माणसाला अडवायचे कसे? अडवायचेच. ‘साहेब, कॉलेजच्या आवारात खासगी हत्यार चालत नाही, परवान्यावरच तशी अट आहे, आयुक्तालयाची परवानगी असेल तर दाखवा,’ एवढे नम्रपणे सांगितले तरी पुरे. प्रसंग टाळायचा असेल तर निमंत्रणासोबतच तसे कळवावे: खासगी सुरक्षारक्षक असतील तर त्यांनी शस्त्र गेटच्या बाहेर गाडीतच ठेवावे आणि गाडीपाशी एक परवानाधारक थांबावा.

रोकड नेणाऱ्या गाडीचेही असेच. फीची रोकड उचलायला हत्यारबंद गार्ड कॉलेजात येणार असेल, तर कंपनीने आणि कॉलेजने आधी पोलिसांकडून लेखी परवानगी घ्यावी. नाहीतर रोकड गेटबाहेर आणून देण्याची व्यवस्था करावी. गार्ड दादांनीही आपल्या सुपरवायझरला हे विचारून घ्यावे, कारण परवाना त्यांच्या नावावर आहे आणि गुन्हाही त्यांच्याच नावावर नोंदला जाईल.

एवढी कडक अट कशासाठी

१२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयात टोळीयुद्धातले मारेकरी घुसले. उपचारासाठी दाखल असलेल्या एका आरोपीला त्यांनी गोळ्या घातल्या, आणि पहाऱ्यावरच्या दोन पोलिसांचाही जीव घेतला. जिथे डॉक्टर घडतात त्या आवारात हे झाले. त्या मारेकऱ्यांकडे कसला परवाना नव्हता. मग परवानाधारकांवर बंधन घालून काय साधते, असे कोणी विचारील.

साधते ते असे. आवारात कोणाही खासगी माणसाकडे हत्यार नसणार हे पक्के असेल, तर दिसलेले प्रत्येक हत्यार हीच धोक्याची घंटा ठरते. वॉचमनला, शिपायाला, विद्यार्थ्याला ‘याच्याकडे परवाना असेल का’ असा विचार करत वेळ घालवावा लागत नाही. त्यात कॉलेज हे तरुण रक्ताचे ठिकाण. ब्रेकअप, निवडणुका, पार्किंगची भांडणे, ग्रुपमधली खुन्नस हे सगळे तिथे घडतेच. हाणामारीने झालेली जखम भरून येते. बंदूक हाताशी असली की त्याच भांडणात माणूस जातो. कायद्याने बंदुकीच्या परवान्याचे वय २१ वर्षे ठरवले आहे. पदवीला शिकणारी बहुतेक मुले त्याहून लहान असतात. त्यांच्यामध्ये हत्यार आणण्याचे कोणतेही पटणारे कारण मला दिसत नाही.

तलवार, चॉपर, छऱ्याची बंदूक, नाटकातले पिस्तूल

बंदूक सोडून बाकी चालते, असा एक समज आहे. तो काढून टाका. मुंबई पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात. ते लागू असताना तलवार, भाला, सुरा, लाठी, सोटा किंवा इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरणे हा गुन्हा आहे आणि त्याला कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार, कट्यार अशी हत्यारे वेगळ्या वर्गात घातली आहेत. घरकामाची, शेतीची, कारखान्यातली अवजारे त्यातून वगळली आहेत.

याचा अर्थ कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला मावळ्याच्या वेशात येणाऱ्याने खरी तलवार आणू नये. लाकडाची किंवा पुठ्ठ्याची चालते, आणि फोटोत ती तितकीच छान दिसते. शिवजयंतीला दांडपट्टा, लाठीकाठीची प्रात्यक्षिके ठेवायची असतील तर आखाड्याच्या वस्तादांना सोबत घ्या, कॉलेजकडून स्थानिक पोलीस ठाण्याला आधी पत्र द्या आणि शस्त्रे त्यांच्याच ताब्यात येतील-जातील असे पाहा.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल गोंधळ असतो. ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणून ती कॉलेजात नेता येते असे नाही. तिचा छरा डोळा फोडू शकतो, आणि लांबून पाहणाऱ्याला ती खरी बंदूकच वाटते.

एकांकिका करणाऱ्या मुलांसाठी खास सूचना. तालमीला निघालेल्या मुलाच्या सॅकमध्ये खऱ्यासारखे दिसणारे नकली पिस्तूल आहे आणि स्टेशनवर रेल्वे पोलिसांनी बॅग उघडायला सांगितली, तर पहिली काही मिनिटे तरी ते खरेच समजले जाईल. म्हणून प्रॉप बंद पेटीत ठेवा, पेटीत प्राचार्यांच्या सहीचे आणि नाटकाचे नाव असलेले पत्र ठेवा, कॉलेजचे ओळखपत्र जवळ असू द्या. गाडीत किंवा प्लॅटफॉर्मवर गंमत म्हणूनही ते बाहेर काढू नका. पोलिसाने विचारले तर हात दिसतील असे ठेवून आधी तोंडाने सांगा, मग त्याच्या सांगण्यावरून पेटी उघडा. आवाजी टोप्यांचे किंवा ब्लँक काडतुसाचे हत्यार तर रंगमंचावर आणूच नका. ध्वनिमुद्रित आवाज पुरतो.

नेमबाजी शिकायची आहे? सरळ रस्ता आहे

ज्यांना बंदुकीचे आकर्षण आहे त्यांना हिणवू नये, त्यांना रेंजचा रस्ता दाखवावा. आपल्या शेजारच्या दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीसाठी म्हणून आलेली एक मुलगी पुढे वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर घडली, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली. त्या अंजली भागवत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकणारे स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे आणि मध्य रेल्वेचे कर्मचारी.

दहा मीटर एअर रायफल ही ४.५ मिलिमीटरची, म्हणजे वर सांगितलेल्या ०.१७७ इंचाचीच. सुरुवात तिथूनच होते. २१ वर्षांखालच्या मुलांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मान्यताप्राप्त रेंजवर सराव करण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. एनसीसी किंवा मान्यताप्राप्त क्लबमधून जा. रेंजचे सामान घर ते रेंज आणि रेंज ते घर एवढेच फिरवा. सरावानंतर थेट लेक्चरला जायचे असेल तर सामान रेंजवरच ठेवून जा.

घरात परवान्याचे हत्यार असेल तर

ज्या घरात कॉलेजला जाणारे मूल आहे तिथे पुढच्या गोष्टी आजच करा.

हत्यार कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात. किल्ली परवानाधारकाकडेच, देव्हाऱ्यात किंवा टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये नको. काडतुसे महिन्यातून एकदा मोजा आणि परवान्यावरच्या नोंदीशी ताडून पाहा.

मुलाच्या किंवा त्याच्या मित्रांच्या हाती फोटोसाठीही हत्यार देऊ नका. परवाना नसलेल्या माणसाने हत्यार नेण्याची मुभा कायद्याने फार थोड्या कामांपुरती ठेवली आहे: परवानाधारक समोर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तेही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. रील त्यात बसत नाही.

परवानाधारकाचे निधन झाले तर हत्यार घरात ठेवून देऊ नका. कलम २१ प्रमाणे ते विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. वारसाला ते हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा. तेराव्यानंतर बघू, म्हणून टाळले आणि वर्षे गेली, तर घरातले जे कोणी ते सांभाळत आहेत तेच विनापरवाना हत्यार बाळगणारे ठरतात.

जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या कोटाच्या खिशात एखादे जिवंत काडतूस राहिलेले असते. काडतुसालाही परवाना लागतो. मुलाची बॅग विमानतळासाठी भरताना जुनी सॅक, जुना कोट वापरणार असाल तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. स्कॅनरमध्ये एक काडतूस दिसले तरी विमान चुकते आणि पोलीस ठाणे गाठावे लागते.

कॉलेजात हत्यार दिसले तर

हात लावू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका, ज्याच्याकडे आहे त्याच्याशी वाद घालू नका. तिथून दूर व्हा आणि ११२ ला फोन करा. ठिकाण नेमके सांगा: कोणते कॉलेज, कोणती इमारत, कितवा मजला. मग प्राचार्यांना किंवा सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा.

कॉलेजच्या मंडळींनी ‘कॉलेजची बदनामी नको, आतल्या आत मिटवू’ असे म्हणू नये. कलम ३६ प्रमाणे या अधिनियमाखालचा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे त्याने, तसेच सबळ कारण नसेल तर, ते जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलेच पाहिजे. पोलिसांना कॉलेजात यायला प्राचार्यांची परवानगी लागते, हा समज इथे उपयोगाचा नाही. शस्त्र अधिनियमाखालचे सगळे गुन्हे दखलपात्र आहेत.

मूल अमेरिकेत शिकत असेल तर

आपल्या वस्तीतूनही मुले एम.एस.साठी अमेरिकेला जातात. तिथे या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, प्रत्येक राज्याचे वेगळे आहे. आणि सरकारी विद्यापीठ की खासगी, यावरही बरेच अवलंबून असते. सरकारी विद्यापीठाला राज्याच्या विधिमंडळाचा कायदा पाळावा लागतो. खासगी विद्यापीठाला बऱ्याच ठिकाणी स्वतःचा नियम करता येतो.

टेक्सासने २०१५ मध्ये कायदा केला. परवानाधारकांना सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत लपवलेले पिस्तूल नेण्याची मुभा १ ऑगस्ट २०१६ पासून मिळाली, आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत २०१७ पासून. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात टॉवरवरून गोळीबार करून एका माणसाने अनेकांचे जीव घेतले होते, ती तारीख १ ऑगस्ट १९६६. बरोबर पन्नास वर्षांनी त्याच दिवशी त्याच आवारात बंदुकीला परवानगी मिळाली. युटा, आयडाहो, कॅन्सस, जॉर्जिया या राज्यांतही सरकारी कॉलेजांत कमीअधिक मुभा आहे. वेस्ट व्हर्जिनियात ती जुलै २०२४ पासून आली. उलट कॉलोरॅडोने त्याच सुमारास कॉलेजांत बंदी आणली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स इथे बंदी आहे. कायदे असे बदलत राहतात, म्हणून प्रवेश घेताना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शस्त्रांचे धोरण वाचा आणि दरवर्षी पुन्हा वाचा.

आता सर्वांत महत्त्वाचे. राज्याने कितीही मुभा दिली तरी ती तुमच्या मुलासाठी नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे एफ-१ वर, असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असे काही मोजके अपवाद आहेत. उल्लंघनाला १५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि व्हिसा जातो तो वेगळाच. रूममेटचे पिस्तूल टेबलावर पडले आहे, मित्र शनिवारी शूटिंग रेंजवर घेऊन चालले आहेत, तिथे भाड्याने बंदूक मिळते: हे प्रसंग तिकडे नेहमीचे आहेत. आपल्या मुलाला स्पष्ट सांगा की भाड्याची बंदूकही हातात घेऊ नकोस, ज्या घरात रूममेटचे हत्यार उघड्यावर असते तिथे राहू नकोस, शंका आली तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या सरकारी विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केले. त्यांत भारतातून गेलेले प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते, आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. त्या विद्यापीठाने आपल्या आवारात बंदूक आणण्यास मनाई केली होती. नियम होता, पण ज्याने ते हत्याकांड केले त्याला बंदुका दुकानातून विकत मिळाल्या होत्या. म्हणून तिथे राहणाऱ्या मुलाने नियमावरच विसंबू नये. १९९० च्या क्लेरी कायद्याने तिथल्या कॉलेजांना दरवर्षी आवारातल्या गुन्ह्यांचा अहवाल १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावा लागतो आणि धोका असेल तर तातडीने इशारा द्यावा लागतो. तो अहवाल आईवडिलांनी इथे बसून वाचावा. मुलाने पहिल्याच आठवड्यात आपला मोबाइल नंबर इशारा सेवेत नोंदवावा. इशारा आला तर आधी तिथून निसटायचे. ते जमले नाही तर दार लावून, दिवे बंद करून लपायचे. दोन्ही अशक्य झाले तरच प्रतिकार करायचा.

आता हे करा

परवानाधारकांनी आज रात्री परवाना काढून अटींचे पान मुलांसमोर मोठ्याने वाचावे. कॉलेजांनी गेटवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाटी लावावी: आवारात कोणतेही शस्त्र आणण्यास मनाई आहे. वॉचमनला ती पाटी पाहुण्यांना दाखवण्याचा अधिकार आणि पाठबळ द्यावे. विद्यार्थ्यांनी ११२ हा नंबर आणि आपल्या भागातल्या पोलीस ठाण्याचा नंबर फोनमध्ये ठेवावा.

आपल्या देशात या बाबतीत कायदा सरळ आहे, तो पाळायला खर्च येत नाही आणि हुशारीही लागत नाही. गेटच्या आत शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाचा जीव कोणाच्याही रुबाबापेक्षा मोलाचा आहे, एवढे आपण सगळ्यांनी मानले की पुरे. हत्यार घरी कुलपात ठेवा आणि मगच कॉलेजच्या गेटमधून आत या.